घर एकच, जंतू एकच. रोग मात्र एकालाच का?

कुष्ठरोगाचे निदान झालेल्या माणसाच्या घरात जोडीदार असतो, मुले असतात, म्हातारे आईवडील असतात. हा रोग फार सावकाश वाढतो. जंतू शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. म्हणजे निदान होण्याआधी कित्येक वर्षे ही सगळी माणसे त्या रुग्णाबरोबर एका छपराखाली राहिलेली असतात. शेजाऱ्यांपेक्षा त्यांना धोका अधिक असतो हे खरे, पण तरीही त्यांच्यातल्या बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही. सुमारे ९५ टक्के माणसांचे शरीर या जंतूला आपणहून थोपवते, असे मानले जाते. उरलेल्यांतही एकाच्या अंगावर एखादा बधिर चट्टा उठून रोग तिथेच थांबतो, तर दुसऱ्याच्या अंगभर गाठी येतात, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया झडतात. जंतू मात्र तोच असतो.

वऱ्हाडाला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवन उभे केले, ते समाजाने बाहेर काढलेल्या कुष्ठरुग्णांसाठी. अचलपूरजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. त्या काळी लोक या रोगाला महारोग म्हणत आणि तो रक्तातून, घराण्यातून येतो असे समजत. घरात एक रुग्ण निघाला की त्या घरची सोयरीक तुटे. वास्तविक नॉर्वेतील डॉक्टर गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्येच रुग्णांच्या गाठींत जंतू पाहिला होता. हा रोग जंतूमुळे होतो, वंशातून येत नाही, हे तेव्हापासून माहीत होते. आनुवंशिकतेचा विचार वैद्यकात पुन्हा आला तो विसाव्या शतकात, आणि त्याचा अर्थ अगदी वेगळा होता. आईवडिलांकडून मुलाला मिळतात ती जंतू ओळखण्याची हत्यारे, आणि ती हत्यारे प्रत्येकाची थोडी निराळी असतात. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

पेशीच्या आत काय आहे हे बाहेर कसे कळते?

रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी टी पेशी या शरीराच्या तपासनीस. पण त्यांना दुसऱ्या पेशीच्या आत डोकावता येत नाही, आणि कुष्ठरोगाचा जंतू तर पेशीच्या आतच लपून वाढतो. तेव्हा आतला माल बाहेर दाखवण्याची काही तरी सोय हवी. अकोल्याच्या बाजार समितीत तुरीचे पोते आले की व्यापारी सगळे पोते ओतून पाहत नाही. टोकदार, पोकळ सळई पोत्यात खुपसतो, तिच्या खोबणीत येतील तेवढे दाणे तळहातावर घेतो आणि भाव ठरवतो. पेशीतही अशा खोबणीचे काम करणारे रेणू असतात. त्यांना एचएलए रेणू म्हणतात. पेशीच्या आत प्रथिनांचे सतत तुकडे होत असतात. त्यातले लहान तुकडे एचएलए रेणू आपल्या खोबणीत पकडतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर आणून धरतो. तुकडा शरीराचा स्वतःचा असेल तर टी पेशी पुढे जाते. तो परका असेल तर ती हल्ल्याचा इशारा देते.

या रेणूंचा शोध आधी लागला, त्यांचे काम मात्र फार उशिरा कळले. पॅरिसचे जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये पांढऱ्या पेशींवरची पहिली खूण वर्णन केली. तेव्हा विषय होता रक्त आणि अवयव दुसऱ्याला देता येतील का, एवढाच. टी पेशीला परका तुकडा एचएलए रेणूसह दिसावा लागतो, हे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. १९८७ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने रेणूची रचना उलगडली आणि ती खोबण खरोखरच दिसली. मूत्रपिंड जुळते की नाही हे ठरवणारी खूण मुळात जंतू ओळखण्यासाठी आहे, हे तेव्हा पूर्णपणे स्पष्ट झाले.

खोबणीचा आकार कसा आहे यावर तिच्यात कोणता तुकडा बसेल हे ठरते. सळईची खोबण अरुंद असेल तर टपोरा दाणा तिच्यात येणारच नाही. तसेच एखाद्या माणसाच्या एचएलए रेणूंमध्ये कुष्ठजंतूच्या प्रथिनाचा महत्त्वाचा तुकडा नीट बसतो, दुसऱ्याच्या रेणूंत तो बसत नाही किंवा सैल बसतो. दुसऱ्या माणसाच्या टी पेशी कितीही सक्षम असल्या तरी त्यांना दाखवलेच न गेलेले त्या ओळखणार कशा?

निम्मे आईकडून, निम्मे वडिलांकडून

हे रेणू बनवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून आहेत. ए, बी आणि सी ही तीन जनुके शरीराच्या जवळजवळ सर्व पेशींत काम करतात. डीआर, डीक्यू, डीपी ही मुख्यतः जंतू गिळणाऱ्या आणि इतरांना सावध करणाऱ्या पेशींत. प्रत्येकाला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मिळते, म्हणून ए, बी, सी मिळून एका माणसाकडे सहा वेगवेगळ्या खोबणी असू शकतात. मानवजातीत मात्र या जनुकांचे आजवर हजारो प्रकार नोंदले गेले आहेत. माणसाच्या जनुकांत इतकी विविधता दुसरीकडे कुठेही नाही.

*चौकट: एकाच आईवडिलांची मुले वेगळी कशी?*
*एचएलए जनुके जवळजवळ असल्याने ती सहसा गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. आईकडे दोन गठ्ठे, वडिलांकडे दोन. मुलाला प्रत्येकाकडून एक मिळतो. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांचे दोन्ही गठ्ठे सारखे असण्याची शक्यता चारात एक, एकही गठ्ठा सारखा नसण्याची शक्यताही चारात एक, आणि एक गठ्ठा सारखा असण्याची चारात दोन. मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा देण्यासाठी एक भाऊ जुळतो आणि दुसरा जुळत नाही, याचे कारण हेच.*

एवढी विविधता टिकली कशी? प्रचलित उत्तर असे की रोगांनीच ती टिकवली. सगळ्या गावाच्या खोबणी सारख्या असत्या, तर त्यातून निसटणारा एक जंतू सगळे गाव झोपवू शकला असता. वेगवेगळ्या असल्याने कोणाच्या तरी शरीराला तो दिसतोच. शिवाय आईवडिलांकडून दोन निराळे प्रकार मिळालेल्या मुलाला जास्त तुकडे ओळखता येतात. म्हणून अमुक एक प्रकार चांगला आणि तमुक वाईट, अशी प्रतवारी या जनुकांत लावता येत नाही. एका रोगात उपयोगी पडणारा प्रकार दुसऱ्या रोगात निरुपयोगी, क्वचित घातकही ठरतो.

जुळ्यांची साक्ष

रोगाच्या वाटचालीत वारशाचा वाटा किती, हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे जुळ्यांची तुलना. एकाच अंड्यापासून झालेल्या जुळ्यांची सगळी जनुके सारखी असतात. दोन अंड्यांपासून झालेली जुळी इतर भावंडांइतकीच सारखी. दोन्ही प्रकारची जुळी एका घरात, एका ताटात वाढतात. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला चक्रवर्ती आणि फोगल यांचा भारतातील कुष्ठरोगी जुळ्यांचा अभ्यास आजही उद्धृत केला जातो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला रोग असेल तर दुसऱ्यालाही असल्याचे सुमारे ६० टक्के जोड्यांत आढळले. दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होते.

या आकड्यांत दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही सारख्याच मोलाच्या आहेत. साठ आणि वीस यांतला फरक सांगतो की वारशाचा वाटा मोठा आहे. साठ आणि शंभर यांतला फरक सांगतो की सगळी जनुके तीच असूनही चाळीस टक्के जोड्यांत एक जण वाचला. तो वाचला तो जनुकांमुळे नव्हे.

एकाच रोगाची दोन रूपे का दिसतात, याचे उत्तरही टी पेशींकडे आहे. जंतू गिळून बसलेल्या पेशीला टी पेशींकडून इंटरफेरॉन गॅमा नावाचा जोरकस निरोप मिळाला, तर ती आतले जंतू मारू लागते. रोग एकदोन चट्ट्यांपुरता राहतो. आशा सेविका अशा चट्ट्यावर पेनाचे टोक हलकेच टेकवते, डोळे मिटलेल्या माणसाला कुठे टोचले ते विचारते, आणि त्याला तिथे काहीच कळलेले नसते. कारण या लढाईत जंतूंबरोबर त्वचेतील नसाही होरपळतात. याच्या उलट, तो निरोप क्षीण असेल तर जंतू बेसुमार वाढतात. कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन घेतलेल्या द्रवात ते सूक्ष्मदर्शकाखाली झुबक्यांनी दिसतात. कुष्ठजंतूची एकातून दोन होण्याची क्रिया बारा ते चौदा दिवस घेते आणि त्याला थंड जागा मानवतात. कानाची पाळी, नाक, बोटे हे शरीराचे थंड भाग आहेत.

ओडेन्सेची हाडे, दिल्लीचे रुग्ण

नेमकी कोणती जनुके? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९०च्या दशकात झालेल्या अभ्यासांत अंगभर पसरणाऱ्या कुष्ठरोगाच्या रुग्णांत डीआर-१५ गटातील प्रकार अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. दक्षिण भारतातील कुटुंबांच्या त्याआधीच्या पाहणीतही याच गटाची जुनी खूण, तेव्हाच्या भाषेत डीआर-२, पुढे आली होती. डेन्मार्कमधील ओडेन्से येथे मध्ययुगात कुष्ठरुग्णांसाठी एक दफनभूमी होती. तिथल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या हाडांतून संशोधकांनी डीएनए काढला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: त्या रुग्णांतही डीआर-१५ गटातलाच एक प्रकार इतरांपेक्षा अधिक होता. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन समाज, मध्ये सहा-सातशे वर्षांचे अंतर, आणि खोबण एकच. आनुवंशिकतेच्या अभ्यासात असा मेळ क्वचितच बसतो.

डीआर-१५ हा भारतात अगदी सर्रास आढळणारा गट आहे. पण तो असणाऱ्या बहुतेकांना कुष्ठरोग होत नाही, आणि नसणाऱ्यांनाही होऊ शकतो. त्यामुळे त्याला रोगाचे जनुक म्हणणे चूक ठरेल. त्याने शक्यतेचे पारडे थोडेसे झुकते, इतकेच.

एचएलएच्या पलीकडेही जनुके आहेत. चीनमधील २००९च्या मोठ्या अभ्यासात एनओडी-२ हे जनुक सापडले. जंतूच्या भिंतीचा तुकडा पेशीत आल्याचे ते पेशीला कळवते. टीएलआर-१ नावाचे प्रथिन जंतूचा स्पर्श झाल्याचे पेशीच्या बाहेरूनच ओळखते. त्याचा एक प्रकार असा आहे की तो जवळपास कामच करत नाही, आणि आश्चर्य म्हणजे त्यामुळे कुष्ठरोगापासून संरक्षण मिळते असे कोलकाता व दिल्लीतील रुग्णांच्या अभ्यासात २०१० मध्ये दिसले. हा प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत नेहमीचा आहे, भारतात कमी. कमी संवेदनशील असण्याचा फायदा का व्हावा? हा जंतू स्वतःला ओळखण्याच्या यंत्रणेचाच वापर करून शरीराला गाफील ठेवत असावा, ही एक शक्यता मांडली जाते.

मेळघाटातील धडा

एखादे जनुक एका प्रदेशात जास्त आणि दुसऱ्यात कमी का असते, हे समजून घ्यायला अमरावती जिल्ह्यातच उत्तम उदाहरण आहे, जरी ते रोगप्रतिकारक पेशींचे नसून तांबड्या रक्तपेशींचे आहे. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. सातपुड्याचा डोंगर, दाट जंगल, भरपूर पाऊस, आणि पूर्वापार हिवताप. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे जनुक आदिवासींत आणि अनेक बिगरआदिवासी समाजांतही आढळते. इथल्या आरोग्य केंद्रांत ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरे रुग्णांच्याही तोंडी असतात. एएस म्हणजे वाहक, एका पालकाकडून हे जनुक आलेला. एसएस म्हणजे दोन्ही पालकांकडून आलेला, आजारी.

जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये एक तर्क मांडला होता: रक्ताचे असे घातक आजार उष्ण प्रदेशांत टिकून राहिले ते हिवतापामुळे. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत ते दाखवून दिले. वाहकाच्या रक्तपेशीत हिवतापाचा घातक परजीवी नीट वाढू शकत नाही. आफ्रिकेतील अभ्यासांत वाहक मुलांना तीव्र स्वरूपाचा हिवताप होण्याची शक्यता सुमारे ९० टक्क्यांनी कमी दिसली आहे. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने मुले दगावत होती, तिथे वाहक मुले अधिक जगली, त्यांना मुले झाली आणि जनुक पसरले. डास जिथे नव्हते तिथे ते पसरले नाही.

या संरक्षणाची किंमत एसएस मुले मोजतात. त्यांची प्लीहा हळूहळू निकामी होते, आणि न्यूमोनियाच्या जंतूंना रक्तातून गाळून काढण्याचे काम प्लीहेचेच असते. म्हणजे एका जंतुरोगापासून वाचवणारे जनुक दोन प्रतींत आले की दुसऱ्या जंतुरोगाच्या हवाली करते. औषधांनी आणि फवारणीने हिवताप ओसरला तर वाहकाला मिळणारा फायदा संपतो. एसएस मुलाचे दुखणे तसेच राहते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेची धडपड याच उरलेल्या भाराशी आहे.

जिल्ह्याची हद्द आणि बेटीव्यवहाराची हद्द

‘प्रादेशिक फरक’ म्हटले की डोळ्यांपुढे नकाशा येतो: हा अमरावती, हा अकोला, हा बुलढाणा. जनुकांना ही हद्द ठाऊक नाही. त्यांचा प्रवास लग्नांतून होतो. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्राने हार्वर्डच्या संशोधकांसह २०१३ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार भारतातील वेगवेगळे समूह सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले, आणि नंतर मिसळणे जवळजवळ थांबले. बेटीव्यवहार जातीपुरता उरला. परिणाम असा की एकाच गावात शेजारी राहणाऱ्या दोन समाजांच्या एचएलए प्रकारांची टक्केवारी निराळी असू शकते, आणि अकोटचे एक कुटुंब या बाबतीत शेजाऱ्यापेक्षा शंभर मैलांवरच्या सोयऱ्यांना जवळचे असते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने महाराष्ट्रातील समाजांचे एचएलए प्रकार तपासले आहेत, आणि हे वैविध्य त्यात दिसते.

म्हणून वऱ्हाडी माणसाची जनुके अशी काही एक गोष्ट नाही. दोन जिल्ह्यांत एखाद्या रोगाचे प्रमाण वेगळे असेल तर आधी पाहायला हवे ते पाणी, डास, घरातली दाटी, कुपोषण, आणि तपासणी किती कसून झाली ते. कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत जिथे घरोघर जाऊन माणसे पाहिली जातात तिथे रुग्ण जास्त सापडतात. तो आकडा त्या जिल्ह्यातील रक्ताविषयी काही सांगत नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांनी काम केले, एवढेच सांगतो.

फेब्रुवारी २०२१

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते वऱ्हाडानेच अनुभवले. २०२०च्या अखेरीस करोनाची पहिली लाट ओसरली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात सर्वांत आधी रुग्णसंख्या उसळली त्या भागांत अमरावती आणि अकोला होते. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली, अकोल्यातही निर्बंध आले. इथेच का, हा प्रश्न घरोघर विचारला जात होता, आणि इथल्या लोकांच्या प्रकृतीतच काही आहे का, ही शंकाही त्यात होती.

या शंकेचे उत्तर साध्या हिशेबाने देता येते. ऑक्टोबरमध्ये जी माणसे अमरावतीत राहत होती तीच फेब्रुवारीत राहत होती. चार महिन्यांत कोणाची जनुके बदलत नाहीत. बदलला होता विषाणू. २४ मार्च रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत काट्याच्या प्रथिनातील दोन बदल, ई४८४क्यू आणि एल४५२आर, एकत्र आढळले आहेत. त्याच कुळातल्या एका शाखेला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिले, आणि ती जगभर पसरली. जी गोष्ट महिन्यांत बदलते तिचे कारण हजारो वर्षांत बदलणाऱ्या गोष्टीत शोधू नये.

लागण झालेल्यांपैकी कोण अतिदक्षता विभागात जाईल आणि कोणाला शिंकही येणार नाही, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि त्यात जनुकांना जागा आहे. अमेरिकेतील अस्थिमज्जादात्यांच्या नोंदीतून जवळपास ३०,००० लोकांचा माग घेणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लागण होऊनही काहीच त्रास न झालेल्यांपैकी २० टक्के लोकांत एचएलए-बी*१५:०१ हा प्रकार होता. त्रास झालेल्यांत तो ९ टक्के होता. कारणही सापडले. या प्रकाराच्या खोबणीत सर्दीच्या जुन्या करोना विषाणूंचा एक तुकडा बसतो, आणि नव्या विषाणूतला तुकडा त्याच्याशी बराच मिळताजुळता आहे. जुन्या सर्दीने तयार केलेल्या टी पेशी नव्या पाहुण्यालाही ओळखत होत्या. हा अभ्यास गौरवर्णीय अमेरिकनांचा होता. भारतात हा प्रकार विरळा, आणि इथे नेहमीचे असलेले बी*४०:०६ सारखे प्रकार तिकडे विरळा. तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा आणता येत नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ह्यूगो झेबेर्ग आणि स्वांते पेबो यांनी २०२० मध्ये दाखवले की तिसऱ्या गुणसूत्रावरील एक पट्टा असलेल्या रुग्णांत करोना अधिक तीव्र होतो, आणि हा पट्टा निअँडरथल मानवाकडून आलेला आहे. दक्षिण आशियातील सुमारे निम्म्या लोकांत त्याची किमान एक प्रत आहे. युरोपात १६ टक्क्यांत, आफ्रिकेत जवळपास नाहीच. बातम्यांचे मथळे झाले की भारतीयांना धोका मोठा. त्यानंतर भारतीय संशोधकांनी बांगलादेश आणि भारतातील राज्यांचे आकडे तपासले, तेव्हा पट्ट्याचे प्रमाण आणि लागण वा मृत्यूचे प्रमाण यांत काहीच संबंध दिसला नाही. २०२१ मधला हा निष्कर्ष मथळ्यांत फारसा आला नाही, याचे वाईट वाटते. युरोपीय रुग्णालयात दाखल झालेल्या माणसांत खरी ठरलेली गोष्ट संपूर्ण उपखंडाच्या माथी मारण्याआधी इथे तपासून पाहिली पाहिजे.

जनुके तीच राहूनही परिस्थिती बदलली की रोग बदलतो, हे कुष्ठरोगाबद्दलही खरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नॉर्वेत जवळपास तीन हजार कुष्ठरुग्ण होते. रोगावर गुणकारी औषध येण्याच्या कितीतरी आधी, राहणीमान सुधारत गेले आणि गंभीर रुग्णांना वेगळे ठेवले जाऊ लागले तसा हा रोग तिथून जवळपास नाहीसा झाला. नॉर्वेच्या लोकांची जनुके त्या दोन-तीन पिढ्यांत बदलली नव्हती.

मग या ज्ञानाचा दवाखान्यात उपयोग काय?

एक उपयोग अगदी थेट आहे. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन या औषधांचा असतो. आरोग्य केंद्रातून महिन्याचे पाकीट मिळते. चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. क्लोफाझिमिनने त्वचा काळसर पडते, ती पुढे उजळते. डॅप्सोनची गोष्ट वेगळी. औषध सुरू केल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत काही थोड्या रुग्णांना ताप येतो, अंगभर पुरळ उठते, गाठी सुजतात, काविळीसारखी लक्षणे दिसतात. या प्रतिक्रियेत सापडलेल्यांपैकी दहातला एक दगावल्याची नोंद आहे.

चीनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की ही प्रतिक्रिया एचएलए-बी*१३:०१ या प्रकाराशी घट्ट निगडित आहे. त्याच खोबणीची ही दुसरी करामत: एरवी जंतू दाखवणारा रेणू औषधामुळे टी पेशींना फसव्या इशाऱ्याने चेतवतो. चीनमध्ये पुढे उपचाराआधी रक्त तपासून हा प्रकार असलेल्यांना डॅप्सोन देणे टाळले गेले, तेव्हा उरलेल्या रुग्णांत ही प्रतिक्रिया दिसली नाही. हा प्रकार युरोपीय व आफ्रिकी लोकांत जवळजवळ नाही. भारतात तो समाजानुसार १ ते १२ टक्के लोकांत आढळतो. म्हणजे युरोपात लिहिलेल्या पाठ्यपुस्तकातील ‘अत्यंत दुर्मिळ’ हा शेरा इथल्या प्रत्येक समाजाला सारखाच लागू पडेल, असे नाही.

ही रक्ततपासणी ग्रामीण आरोग्य केंद्रात होत नाही. तिथे करण्याजोगे काम आहे ते सांगण्याचे. पहिले पाकीट हातात देताना रुग्णाला आणि घरच्यांना बजावायचे की पहिल्या दीडदोन महिन्यांत ताप आणि पुरळ एकदम आले तर गोळ्या थांबवून लगेच दवाखान्यात यावे, अंगावर काढू नये. तशी प्रतिक्रिया आलेल्या रुग्णाचा कुष्ठरोगाचा उपचार बंद करावा लागत नाही. तो सावरला की डॅप्सोन वगळून रिफाम्पिसिन व क्लोफाझिमिन यांवर उपचार पूर्ण होतो आणि रोग बरा होतो.